पत्रपेटीवर नाव लावा: जर्मनीला शिकायला निघालेल्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

आमच्या मंगळवार पेठेत पोस्टमनकाकांना घर नंबर लागत नाही. पाकिटावर आडनाव आणि पेठ एवढं असलं तरी पत्र दारात येतं. घरी कोणी नसलं तर ते शेजारच्या काकूंकडं देतात आणि संध्याकाळी काकू आणून देतात. मी याच सवयीत वाढले. त्यामुळं मास्टर्ससाठी जर्मनीत माग्देबुर्गला पोचले तेव्हा खोलीची किल्ली घेतली, पलंगावर चादर घातली, वायफाय लावलं. पण खाली जाऊन पत्रपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची असते हे डोक्यातच आलं नाही. पेटीवर आधीच्या मुलाचं नाव होतं. बँकेनं पाठवलेलं कार्ड परत गेलं. पिनचं पाकीट परत गेलं. आरोग्य विम्याचं कार्डही परत गेलं. वर्षभराचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या आणि महिन्याला ठरावीकच रक्कम सुटणाऱ्या खात्यात, सुरक्षित होते, पण ते काढायला हातात काहीच नव्हतं. तीन आठवडे मी सोबत नेलेल्या थोड्या रोख युरोंवर आणि मजल्यावरच्या एका तमिळ मैत्रिणीच्या भातावर काढले.

पत्ता अगदी बरोबर होता. पण तिथला पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. पाकिटावरचं नाव तिथं दिसलं नाही तर पाकीट पाठवणाऱ्याकडं जातं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. किल्ली हातात आली की बॅग उघडायच्या आधी पेटीवर आणि दारावरच्या बेलवर नाव लावा, पासपोर्टवर आहे तसं. कुणाच्या घरात एक खोली घेऊन राहणार असाल तर पत्त्यात घरमालकाचंही नाव घाला.

परत आल्यापासून ओळखीपाळखीतली मुलं जायच्या आधी घरी येतात, काही तिकडून रात्री फोन करतात. त्यांच्या अडचणी ऐकताना मला एकच मूळ दिसतं. आपल्याकडं काम माणसाच्या ओळखीनं होतं. कॉलेजचे क्लार्क हाक मारून विचारतात, "अगं, फॉर्म भरलास का?" मामांचे मित्र बँकेत असतात. तिकडं काम कागदानं आणि तारखेनं होतं, आणि कळवलेली तारीख तुम्ही वाचली आहे असंच धरलं जातं. मदत मागितली तर लोक मनापासून करतात, पण ती मागावी लागते, वेळेत आणि शक्यतो लेखी.

जायच्या आधीच होणाऱ्या चुका

पहिली चूक नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा आईचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. मुलं एक फॉर्म गुणपत्रिका समोर ठेवून भरतात, दुसरा पासपोर्ट समोर ठेवून. मग प्रवेशपत्रावर एक नाव, ब्लॉक्ड अकाउंटवर दुसरं आणि विम्यावर तिसरं. आपल्याला तो एकच माणूस दिसतो. तिकडच्या खिडकीमागच्या बाईंना तीन माणसं दिसतात. सगळीकडं पासपोर्टप्रमाणेच लिहा. गुणपत्रिकेत एखाद्या अक्षराची चूक असेल तर ती प्रवेशाच्या धावपळीच्या आधी बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या.

दुसरी चूक एजंटच्या टेबलावर होते. मला एका सल्लागारानं खाजगी विद्यापीठ सुचवलं होतं, "लगेच प्रवेश, जर्मन भाषा लागत नाही" म्हणून. फी ऐकून बाबा घरी आल्यावर बराच वेळ गप्प होते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, सहामाहीचं योगदान तेवढं भरावं लागतं, हे त्यानं सांगितलंच नाही. अपवाद आहेत आणि ते माहीत हवेत: बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. अर्ज स्वतः भरणं अवघड नाही. अनेक विद्यापीठं युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत अर्ज घेतात. तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. खाजगी विद्यापीठ म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, पण त्याला सरकारी मान्यता आहे का हे स्वतः तपासल्याशिवाय घरच्यांना पैसे भरायला लावू नका.

तिसरी चूक क्रमाची. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून शिकायला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि ते हातात यायला आठवडे जातात. प्रवेशपत्राची वाट बघत एपीएसचा अर्ज थांबवून ठेवणारी मुलं दर वर्षी भेटतात. उलटं करा: शेवटच्या वर्षात असतानाच एपीएसच्या मागं लागा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ युरो सुटतात. तुम्ही भराल तेव्हा त्या वर्षीचा आकडा बघा. इथं दोन गोष्टींत घरं अडतात. पैसे पोचता पोचता मधल्या बँकांचं शुल्क कापलं जातं आणि रक्कम थोडक्यात कमी पडते. मग खातं पूर्ण भरल्याचं पत्र मिळत नाही. थोडे जास्तच पाठवा. दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराची. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर तो कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर कापत नाहीत. कापलेली रक्कम पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरलं की हिशेबात मिळते. आपल्याकडच्या ऊस शेतकरी कुटुंबांत शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरायची सवयच नसते. वडिलांच्या खात्यातून पैसे गेले असतील तर त्या वर्षी त्यांचं विवरणपत्र भरा, नाहीतर तो पैसा तसाच राहतो.

आणि एक खास कोल्हापूरची चूक. व्हिसाच्या तारखा आणि विमानं बहुतेक जुलै ते सप्टेंबरमधली असतात, आणि तेच आपले पुराचे दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मुंबईची तारीख असेल आणि पाणी पस्तिशीच्या पुढं चढत असेल, तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन दिवस आधी निघा, नातेवाइकांकडं राहा. मूळ कागदपत्रं पिशवीत नाही, प्लॅस्टिकच्या बंद फोल्डरमध्ये, आणि विमानात बसताना हातातल्या बॅगेत.

बॅगेत काय घालू नये

"असू दे की, कोण बघतंय?" असं म्हणत आईनं तुपाची बरणी स्वेटरात गुंडाळली होती. माया तिच्या जागी खरी आहे, पण नियमही खरा आहे. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूध यांचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा आणि सुकं मटण सगळं बाद. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांनाही रोपस्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं. खोबऱ्याच्या वाट्यांचं कारण वेगळं आहे: सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक मालात मोडतं आणि आपल्याच विमानतळावर बाहेर काढलं जातं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकलीत तर तीही काढतात; ती जवळ ठेवायची.

कांदा-लसूण मसाला मात्र बिनधास्त न्या. खोबरं त्यात भाजून कुटलेलं असतं, मसाला कोरडा असतो. दोन थरांत पॅक करा, बाहेर मराठीबरोबर इंग्रजीतही नाव लिहा. गूळ चालतो. भाकरीचा तवा न्या, पीठ तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. माझा पहिला हिवाळा त्या मसाल्यानं काढला आहे, त्यामुळं या बाबतीत कुणी काही सांगितलं तरी एक किलो कमी करू नका.

खोली

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. बाहेरगावचं पोर डोक्यावर छप्पर असल्याशिवाय शिकू शकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. परदेशात हेच पहिल्या दिवशी अंगावर येतं. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांब असते. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका.

यादीत नंबर लागला नाही की मुलं घाबरून इंटरनेटवर खोली शोधतात, आणि तिथं फसतात. आपल्या जिल्ह्यातल्या एका मुलानं फोटो बघून दोन महिन्यांचं भाडं आणि अनामत पाठवली. मालक म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो. किल्ली आली नाही. खोली कुणी आपल्या माणसानं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. पहिला महिना हॉस्टेलात किंवा कुणाच्या तात्पुरत्या रिकाम्या खोलीत काढला तरी चालतं.

खोली घेताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: पत्ता नोंदवायला लेखी प्रमाणपत्र देणार का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्याच्याशिवाय कर क्रमांक नाही, आणि पुढं निवास परवानाही अडतो. "राहा, पण नोंद नको" म्हणणारी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा.

परीक्षा: इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं

वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला नाव आहे असं नसतं. प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते, ठरावीक मुदतीत. मुदत गेली की त्या सत्रात ती परीक्षा गेली. विलंब शुल्क भरून फॉर्म घेतील ही आपली सवय तिथं चालत नाही. नोंदणी करून गैरहजर राहिलात तर बहुतेक ठिकाणी नापास धरतात. आजारी असाल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लगेच द्यावं लागतं.

श्रेणी उलटी असते: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आणि साधारणपणे एका परीक्षेला तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की विषय "कायमचा नापास" होतो, नाव विद्यापीठातून कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही बहुधा घेता येत नाही. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरतात, पण जाण्याआधीच ऐकलेलं बरं. एटीकेटी लागली तरी पुढच्या वर्षात बसता येतं या हिशेबानं पहिल्या सत्रात सहा विषय घेऊ नका. चार घ्या. जुने पेपर वरच्या वर्गातल्या मुलांकडं मागा, आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला खरोखर जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भीतीनं दारात दोन मिनिटं उभी होते. त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं.

दुसऱ्यांदा नापास झालेल्या एका मुलानं घरी "रिझल्ट राखून ठेवलाय" असं सांगितलं होतं. त्याचे वडील इथं पेढे वाटायची तयारी करत होते. तो रात्री तीनला मला फोन करायचा, कारण घरी करायची हिंमत नव्हती. घरच्यांना खरं सांगणं अवघड असतं, कर्जाचा हप्ता दिसत असतो. पण तिसऱ्या संधीआधी सांगितलं तर वाटा उरतात: विषय बदलता येतो, सत्र लांबवता येतं, सल्लागाराशी बोलता येतं. विद्यार्थी सेवा संस्थेत मानसिक समुपदेशन मोफत मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. तो अंधार मनावर येतो, आणि त्यात दुबळेपणाचं काही नाही.

कामाचं थोडक्यात: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, यापुढं परवानगीशिवाय नाही. दिवस वहीत लिहून ठेवा. स्वतंत्र व्यवसाय, म्हणजे कुणाला वेबसाइट करून देऊन बिल पाठवणं, विद्यार्थी परवान्यावर आपसूक चालत नाही.

प्रवासातल्या चुका

पहिल्या सुट्टीत सगळ्यांना युरोप बघायचा असतो, आणि बघावाच. स्वस्त विमानाचं तिकीट घेताना विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोल्हापूर म्हणून तिकीट काढावं आणि साताऱ्याला उतरवावं, तसं. पॅरिसच्या नावानं विकला जाणारा बोव्हेही शहरापासून ८० किलोमीटरच्या पुढं आहे. पहाटेचं विमान, रात्रीची बस नाही, आणि मग टॅक्सीला तिकिटाच्या तिप्पट पैसे. हे मी स्वतः भरले आहेत.

जर्मन रेल्वेचं स्वस्त आगाऊ तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं; पुढच्या गाडीत बसलात तर ते तिकीट धरत नाहीत. पण तुमच्या ठिकाणी पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर हे बंधन सुटतं, आणि ६० मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याचा चौथा हिस्सा, १२० मिनिटांना निम्मा परत मागता येतो. आपली मुलं हे मागतच नाहीत. मासिक डॉइचलांड-टिकट (देशभर चालणारा पास) असेल तर ते प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही. आणि ती वर्गणी आहे, बंद करायची तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं. तिकीट खिशात असूनही दंड भरलेली दोन मुलं मला माहीत आहेत.

शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर सहसा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, २९ देश आहेत. जर्मनीच्या परवान्यावर बाकीच्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि स्वित्झर्लंडचं नेमकं उलटं. लंडनला आत्याकडं जायचं तर वेगळा व्हिसा. सीमेवर सहसा कुणी थांबवत नाही म्हणून पासपोर्ट खोलीत ठेवून निघू नका, गाडीत मध्येच तपासणी होते. आणि व्हिसा संपून निवास कार्ड यायचं असेल, मधल्या काळासाठी नुसता तात्पुरता कागद मिळाला असेल, तर तिकीट काढण्याआधी त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कुठल्या कलमाची खूण आहे ते बघा. ८१ (४) असेल तर जर्मनीत परत येता येतं. ८१ (३) असेल तर देश सोडू नका. मुंबईला बहिणीच्या लग्नाला येऊन इथंच अडकायची वेळ यायला नको.

फ्लोरेन्सला जाणार असाल तर आणखी एक चूक टाळा. बहुतेक मुलं तिथला मोठा घुमट आणि पुलावरची दुकानं बघून परततात. शहराच्या पश्चिमेला कास्चिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या पार टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमापाशी, आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची छत्री आहे. ते १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले होते, रोज रोजनिशी लिहीत होते, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहन तिथंच नदीकाठी झालं, आणि १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. जवळच्या पुलाला आजही तिथले लोक "भारतीयाचा पूल" अशा अर्थाचं नाव घेतात. बसस्टॉपपासून बरंच चालावं लागतं, अर्धा दिवस राखून ठेवा. मी गेले तेव्हा बागेत सायकलवाले येत-जात होते आणि छत्रीखालच्या पुतळ्याच्या डोक्यावर आपल्या ओळखीची पगडी होती. मी घरी व्हिडिओ कॉल लावला, आईनं फोनसमोरच हात जोडले.

प्रवासात असताना दोन क्रमांक पाठ हवेत: जीव धोक्यात असेल तर ११२, युरोपीय संघात सगळीकडं, जर्मनीत रात्री-अपरात्री ताप चढला आणि दवाखाने बंद असतील तर ११६११७. दुसरा क्रमांक माहीत नसल्यामुळं मुलं साध्या तापासाठी इमर्जन्सीत पाच-सहा तास बसून राहतात.

परत येताना

पदवी हातात आली की घाईनं सगळं आवरायचं असतं. पत्त्याची नोंद रद्द करा आणि त्याचा कागद जपून ठेवा; विमा, फोन, रेडिओची वर्गणी बंद करताना तोच लागतो. रेडिओ वर्गणी घरटी महिन्याला १८.३६ युरो असते, टीव्ही नसला तरी. सोबत राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यायची असते हे कित्येकांना शेवटपर्यंत कळत नाही. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत कायद्यानं मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते, आणि पाणी व गॅसचा वार्षिक हिशेब होईपर्यंत मालक त्यातला काही भाग ठेवून घेऊ शकतात. खोली सोडताना भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढा आणि हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

माझी अनामत परत आली तेव्हा मला कोल्हापुरात येऊन पाच महिने झाले होते. निघताना पेटीवरची माझी चिठ्ठी मी काढली नव्हती. त्या खोलीत आलेल्या सांगलीच्या मुलीला दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं होतं. हिशेबाचं पाकीट त्याच पेटीत पडलं, तिनं उघडून फोटो पाठवला, आणि खात्यात पैसे जमा झाल्यावर मी तिला चिठ्ठी काढायला सांगितलं.